सहा दिवसांत युद्ध टळलं, मग संबंध जुळायला पावणेतीन वर्षं का लागली?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: एका देशाचं सैन्य शेजारच्या देशात घुसून हल्ला करून परत गेलं, तर प्रादेशिक संघटना खरंच काही करू शकतात की ठराव पास करून मोकळ्या होतात? उदाहरण दिलंय २००८ च्या कोलंबिया-इक्वाडोर प्रकरणाचं, आणि सोबत असंही म्हटलंय की ओएएस या अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेच्या ठरावात साधा निषेधसुद्धा नव्हता म्हणजे त्यांनी शेपूट घातलं, आणि शेवटी नेत्यांनी टीव्हीसमोर हात मिळवले म्हणून मिटलं. मी बरीच वर्षं बहुपक्षीय बैठकांच्या मसुद्यांवर काम केलंय, त्यामुळे या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत. का ते सविस्तर सांगतो, जरा लांबेल.

आधी काय झालं ते, कारण ज्यांना आठवत नाही त्यांना पुढचं कळणार नाही. १ मार्च २००८, मध्यरात्र उलटून गेलेली. कोलंबियाच्या हवाई दलाने इक्वाडोरच्या सुकुंबिओस प्रांतात अंगोस्तुरा नावाच्या जागी फार्क या कोलंबियातल्या बंडखोर संघटनेच्या कॅम्पवर बॉम्ब टाकले. जागा सीमेपासून जेमतेम १.८ किलोमीटर आत, सगळं जंगल. फार्कचा दोन नंबरचा नेता राउल रेयेस त्यात मारला गेला, एकूण सुमारे २५ माणसं मेली, त्यात चार मेक्सिकन तरुण होते आणि एक इक्वाडोरचा नागरिकही होता. बॉम्ब टाकून झाल्यावर कोलंबियाचे जवान आणि पोलीस हेलिकॉप्टरने तिथे उतरले, रेयेसचा मृतदेह आणि त्याचे लॅपटॉप उचलले आणि परत गेले. सकाळी कोलंबियाचे राष्ट्राध्यक्ष आल्वारो उरिबे यांनी इक्वाडोरचे राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेआ यांना फोन करून सांगितलं की पाठलाग करताना चकमक झाली आणि त्या ओघात आमची माणसं तुमच्या हद्दीत आली. कोरेआंची पहिली प्रतिक्रिया तशी सौम्य होती. मग त्यांचं स्वतःचं सैन्य जागेवर पोचलं, बघतात तर माणसं झोपेत मारली गेलेली, अंगावर झोपायचे कपडे, बॉम्बचे खड्डे, पाठलागाचा मागमूस नाही. तिथून सगळं बिघडलं.

मला विचाराल तर हल्ल्याइतकंच नुकसान त्या फोनने केलं. एखादा शेजारी हद्द ओलांडून आला हे एक वेळ पचवता येतं, पण फोनवर एक सांगितलं आणि जागेवर दुसरंच दिसलं की समोरचा नेता आपल्या देशात तोंडघशी पडतो, आणि तोंडघशी पडलेल्या नेत्याला माघार घ्यायला जागा उरत नाही. पहिल्या काही तासांत जे सांगाल ते अर्धवट असलं तरी चालेल पण खोटं ठरता कामा नये, ही या कामातली अगदी पहिली शिकवण आहे.

पुढचे दोन-तीन दिवस भराभर गेले. २ मार्चला व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांनी आपल्या टीव्ही कार्यक्रमातच संरक्षणमंत्र्यांना दहा बटालियन कोलंबियाच्या सीमेवर हलवायला सांगितलं आणि बोगोटातला दूतावास बंद केला. इक्वाडोरने कोलंबियाच्या राजदूताला घालवून दिलं, सीमेवर कुमक पाठवली आणि ३ तारखेला संबंध तोडले. कोलंबियाने लॅपटॉपमधली कागदपत्रं बाहेर काढायला सुरुवात केली, की बघा चावेझ फार्कला पैसे देतात, इक्वाडोर सरकारचे लोक त्यांना भेटतात, आणि उरिबेंनी तर चावेझना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खेचायची भाषा केली. ६ तारखेला निकाराग्वानेही कोलंबियाशी संबंध तोडले. म्हणजे आठवडा संपायच्या आत तीन देश एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, आणि सीमेवर रणगाडे.

आता मुद्द्याचं. असं काही घडलं की आमच्या कामात पहिला प्रश्न हाच असतो की घुसलेलं सैन्य अजून आत आहे का? कोण बरोबर कोण चूक हे नंतर. कारण सैन्य आत असेल तर माघार हा मुद्दा होतो, आणि माघार म्हणजे वेळ, तारीख, देखरेख, कोणी आधी हलायचं, सगळं आलं. अंगोस्तुरात सैन्य काही तासांतच बाहेर पडलं होतं. दुसरा प्रश्न, घुसलो होतो हे कबूल आहे का? कोलंबियाला कबूल होतं, त्यांचं म्हणणं एवढंच की हे स्वसंरक्षण आहे म्हणून सार्वभौमत्वाचा भंग होत नाही. तिसरा, ती जमीन कोणाची यावर वाद आहे का? अजिबात नाही, पुतुमायो नदीच्या पलीकडे इक्वाडोर हे कोलंबियालाही मान्य. ही तीन उत्तरं अशी आली म्हणून सहा दिवसांत काही करणं शक्य झालं, आणि हे लक्षात न घेता लोक सगळं श्रेय हस्तांदोलनाला देतात.

ओएएसचं मुख्यालय वॉशिंग्टनला. तिच्या सनदेचं कलम १९ म्हणतं की कुठल्याही कारणाने दुसऱ्या देशाच्या कारभारात हस्तक्षेप करायचा नाही, आणि कलम २१ म्हणतं की देशाची भूमी अभंग आहे, तिच्यावर तात्पुरतासुद्धा लष्करी ताबा किंवा बळाचा वापर कुठल्याही सबबीखाली चालणार नाही. हे इतकं कडक का लिहिलंय ते समजायला लॅटिन अमेरिकेचा विसाव्या शतकाचा इतिहास बघावा लागतो, निकाराग्वा, हैती, डोमिनिकन रिपब्लिक, अमेरिकेचे मरीन्स कुठे कुठे उतरले आणि किती वर्षं राहिले ते. या देशांसाठी ही कलमं म्हणजे पाठ केलेली प्रार्थना नाही, भोगून शिकलेली गोष्ट आहे. आणि ही सनद १९४८ मध्ये सही झाली ती बोगोटामध्ये, कोलंबियाच्याच राजधानीत. त्यामुळे कोलंबियाच्या राजदूताला त्या खोलीत बसून ही कलमं आम्हाला लागू नाहीत असं म्हणणं किती अवघड गेलं असेल याची कल्पना करा.

५ मार्चला ओएएसच्या स्थायी परिषदेने ठराव केला. त्यात तीन गोष्टी होत्या: घडलं ते इक्वाडोरच्या सार्वभौमत्वाचा आणि भौगोलिक अखंडतेचा भंग आहे हे नोंदवलं, सरचिटणीस होसे मिगेल इन्सुल्सा यांच्या नेतृत्वाखाली दोन्ही देशांत जाऊन बघणारी समिती नेमली, आणि १७ मार्चला परराष्ट्रमंत्र्यांची बैठक बोलावली. निषेध नव्हता हे खरं. इक्वाडोरला तो हवा होता, कोलंबिया आणि अमेरिका तयार नव्हते. पण शेपूट घातलं म्हणणाऱ्यांनी जरा थांबून बघावं की त्या दिवशी कोलंबियाने काय मान्य केलं. तीन दिवसांपूर्वी जे सरकार म्हणत होतं की आम्ही सार्वभौमत्वाचा भंग केलेलाच नाही, त्याच सरकारने भंग झाला असं स्पष्ट म्हणणाऱ्या ठरावाला अडवलं नाही. निषेध घातला असता तर ते एकमत मोडलं असतं, कोलंबिया एकटा पडला असता आणि एकट्या पडलेल्या देशाकडून दोन दिवसांनी माफी मिळत नाही. मी स्वतः त्या जागी असतो तर मीही निषेध सोडून दिला असता आणि भंगाचं वाक्य घट्ट धरून ठेवलं असतं.

समितीचं तर लोक नावही घेत नाहीत, पण माझ्या मते तिचं काम फार मोलाचं होतं. इन्सुल्सांबरोबर काही देशांचे राजदूत होते, ते इक्वाडोरला गेले, प्रत्यक्ष कॅम्पची जागा बघितली, मग बोगोटाला गेले. बॉम्ब टाकणारी विमानं इक्वाडोरच्या आकाशात शिरली होती की कोलंबियाच्या बाजूनेच टाकून वळली, यावर दोन सरकारांची उत्तरं वेगवेगळी होती, आणि समितीने ती दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी नोंदवून ठेवली. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्यामुळे दोन राष्ट्राध्यक्षांनी कॅमेऱ्यासमोर एकमेकांना खोटारडे म्हणण्याऐवजी तो वाद कागदावर एका जागी बसला, आणि सगळ्यांना कळलं की नक्की कशावर मतभेद आहेत आणि कशावर नाहीत.

आता समितीच्या दौऱ्याआधीचा दिवस, ७ मार्च, जागा सांतो दोमिंगो, डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी. रिओ ग्रुप या लॅटिन अमेरिकी देशांच्या गटाची शिखर परिषद आधीपासूनच ठरलेली होती, हा निव्वळ योगायोग, पण फार उपयोगी पडला. रिओ ग्रुप १९८६ चा, त्याची मुळं मध्य अमेरिकेतली युद्धं थांबवायला १९८३ मध्ये मेक्सिको, पनामा, कोलंबिया आणि व्हेनेझुएलाने सुरू केलेल्या कोन्तादोरा प्रयत्नात. कायमचं कार्यालय नव्हतं, मोठी यंत्रणा नव्हती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अमेरिका सदस्य नव्हती. अमेरिका कोलंबियाची उघड मित्र होती, ती खोलीत असती तर चावेझ आणि कोरेआ तिच्याशी भांडत बसले असते आणि उरिबेंनाही तिच्या आड लपायची सोय झाली असती. ती नव्हती म्हणून शेजाऱ्यांना शेजाऱ्यांशीच बोलावं लागलं.

तिथलं भाषणयुद्ध टीव्हीवर थेट दिसत होतं. कोरेआंनी हल्ल्याचा तपशील मांडला, उरिबेंनी लॅपटॉपमधली पत्रं वाचून दाखवली, कोरेआ खवळले, कितीतरी तास हेच चाललेलं. यजमान लिओनेल फर्नांडेझ, डोमिनिकन रिपब्लिकचे राष्ट्राध्यक्ष, त्यांनी कोणालाही गप्प केलं नाही हे मला आजही त्यांचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. घरच्या जनतेसमोर प्रत्येकाला आपलं म्हणणं पूर्ण ताकदीने मांडू दिलं, बोलून बोलून थकू दिलं, आणि मग शेवटी सगळ्यांदेखत विनंती केली की आता उठून हात मिळवा. उरिबे उठून गेले, कोरेआंनी हात दिला पण चेहऱ्यावर हसू नव्हतं, चावेझनी दिला, निकाराग्वाच्या ओर्तेगांनी तिथेच संबंध पूर्ववत केले. उरिबेंनी चावेझविरुद्धच्या खटल्याचा विषय सोडला.

पण हातापेक्षा तिथला जाहीरनामा बघा. त्यात इक्वाडोरच्या भौगोलिक अखंडतेचा भंग नाकारला, उरिबेंनी पूर्ण माफी मागितली याची नोंद घेतली, आणि कुठल्याही परिस्थितीत हे पुन्हा होणार नाही हे त्यांचं वचनही नोंदवलं. इक्वाडोरला हेच हवं होतं, माफीपेक्षाही वचन जास्त, कारण कोलंबिया स्वसंरक्षणाचं तत्त्व पुढे करत होता आणि ते तत्त्व तसंच उभं राहिलं असतं तर उद्या परत हल्ला करायचा परवाना मिळाल्यासारखं झालं असतं. कोलंबियाला काय मिळालं? बंडखोर आणि गुन्हेगारी टोळ्यांचा मुकाबला करायची सगळ्यांची बांधिलकी, आणि आक्रमक देश असा शिक्का टळला. रेयेस तर मेलाच होता, तो काही परत येणार नव्हता.

१७ मार्चला वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. कोलंबियाच्या सैन्याची आणि पोलिसांची घुसखोरी, इक्वाडोरला न कळवता आणि त्याची संमती न घेता केलेली, आम्ही नाकारतो, कारण ती कलम १९ आणि २१ चा उघड भंग आहे, अशी भाषा आली, म्हणजे ५ तारखेपेक्षा कडक. एकट्या अमेरिकेने त्या परिच्छेदावर आपली हरकत नोंदवली, त्यांचं म्हणणं की सनदेतल्या बाकीच्या तरतुदी, म्हणजे स्वसंरक्षणाच्या, लक्षात घेतल्या नाहीत. बाकी सगळे एका बाजूला. त्या खंडात कोलंबियाचे मित्र असलेली सरकारंही होती पण या मुद्द्यावर त्यांनी साथ दिली नाही, कारण आज कोलंबियाला सूट दिली तर उद्या आपल्या सीमेवर कोणीही तेच करेल हे त्यांना दिसत होतं.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण अशा प्रत्येक प्रकरणात ती उगाळली जाते. पाठलाग करत हद्द ओलांडली, हा बचाव मुळात समुद्राच्या कायद्यातला आहे, तिथे त्याला नियम आहेत, अटी आहेत, आणि दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीत शिरलं जहाज की पाठलाग तिथेच संपतो. जमिनीवर, त्या देशाच्या संमतीशिवाय किंवा आधी झालेल्या कराराशिवाय असा सर्वसाधारण हक्क नाहीच. दुसरा बचाव असा की शेजारी देश दहशतवाद्यांना आवरायला तयार नाही किंवा त्याला जमत नाही, म्हणून आम्हाला आत जावं लागलं. याला पाठिंबा देणारे देश आहेत, विरोध करणारेही आहेत, पण लॅटिन अमेरिकेने २००८ मध्ये तरी तो नाकारला. माझं स्वतःचं मत म्हणाल तर कोलंबियाची तक्रार खोटी नव्हती, फार्कने कितीतरी माणसं पळवून वर्षानुवर्षं जंगलात डांबून ठेवलेली होती आणि त्या संघटनेचे कॅम्प सीमेपलीकडे होते हे अंगोस्तुरानेच सिद्ध केलं. पण त्या तक्रारीवर उपाय म्हणून एका गरीब शेजाऱ्याला अंधारात ठेवून त्याच्या हद्दीत बॉम्ब टाकणं हे मला मान्य नाही, आणि तेव्हा ओलिसांच्या सुटकेच्या चर्चेसाठी बाहेरच्या सरकारांचा संपर्क ज्याच्याशी होता तोच माणूस मारला गेला, हेही विसरू नये.

आता शीर्षकातला प्रश्न. व्हेनेझुएलाने दोन दिवसांत, ९ मार्चला, संबंध पूर्ववत करतो म्हणून जाहीर केलं. इक्वाडोरने नाही केलं. जून २००८ मध्ये कार्टर सेंटरच्या, म्हणजे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेच्या, मध्यस्थीने प्रभारी राजदूत नेमायचं ठरलं, तेही रखडलं, आणि प्रत्यक्षात आलं ते नोव्हेंबर २००९ मध्ये. पूर्ण संबंध नोव्हेंबर २०१० मध्ये, गयानात झालेल्या युनासुर या दक्षिण अमेरिकी देशांच्या संघटनेच्या बैठकीत. कारण काय, तर सांतो दोमिंगोने युद्ध टाळलं, विश्वास परत आणला नाही. इक्वाडोरला माहिती हवी होती: आमच्या हद्दीतलं ठिकाण तुम्हाला कळलं कसं, लॅपटॉपमध्ये आमच्या लोकांबद्दल खरंच काय आहे, आणि तुमच्या वर्तमानपत्रांत रोज थोडं थोडं का गळतंय? इंटरपोलने मे २००८ मध्ये सांगितलं की जप्तीनंतर फायलींमध्ये फेरफार झाल्याचा पुरावा नाही, पण पहिल्या तीन दिवसांत त्या हाताळताना पुराव्याचे आंतरराष्ट्रीय संकेत पाळले गेले नाहीत. दोन्ही बाजूंनी आपल्याला हवा तो अर्धा भाग उचलला. मध्ये इक्वाडोरच्या एका न्यायाधीशाने हुआन मानुएल सांतोस यांच्या अटकेचा आदेशच काढला, कारण हल्ल्याच्या वेळी ते कोलंबियाचे संरक्षणमंत्री होते.

आणि गंमत नाही, खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट आहे की कोंडी फोडली ती याच सांतोसनी. ऑगस्ट २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी कोरेआंना शपथविधीला बोलावलं आणि रेयेसच्या कॉम्प्युटरमधल्या माहितीची प्रत त्यांच्या हातात दिली. अडीच वर्षं इक्वाडोर जे मागत होता तेच. त्याआधी २००९ च्या अखेरीपासून दोन्ही लष्करांची सीमा समिती, कोम्बीफ्रोन म्हणतात तिला, पुन्हा बसायला लागली होती, सीमेवरच्या तुकड्यांनी एकमेकांना काय, कधी, कोणामार्फत कळवायचं याची नियमावली तयार झाली. कंटाळवाणी कामं आहेत ही, बातमी होत नाही, पण पुढच्या वेळी एखादी गस्त रस्ता चुकून पलीकडे गेली तर ती बातमी राष्ट्राध्यक्षांच्या फोनवर जाण्याआधी दोन कर्नल आपसात निस्तरतात, ते याच कामामुळे.

हे सगळीकडे चालतं का? नाही. २०१० चंच बघा, ऑक्टोबरमध्ये निकाराग्वाचे सैनिक सान हुआन नदीच्या मुखाशी इस्ला पोर्तिल्योसवर गेले, कोस्टारिका म्हणाला ही आमची जमीन, आणि कोस्टारिकाला तर सैन्यच नाही. निकाराग्वाने गाळ काढायच्या कामाचा दाखला दिला, त्यांच्या बाजूच्या एका माणसाने तर गूगलचा नकाशा पुढे केला. ओएएसने बहुमताने सांगितलं की सैन्य मागे घ्या. निकाराग्वाने मानलं नाही. आता वरचे तीन प्रश्न लावून बघा: सैन्य आत आहे, घुसखोरी कबूल नाही, आणि जमिनीवरच वाद. तिन्ही उत्तरं उलटी. इथे कितीही कुशल यजमान आणला असता तरी हात मिळाले नसते, आणि मिळाले असते तरी सैन्य तिथेच राहिलं असतं. कोस्टारिकाने वेळ न घालवता नोव्हेंबरमध्येच हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला, मार्च २०११ मध्ये अंतरिम आदेश मिळाला, आणि २०१५ मध्ये ती जमीन कोस्टारिकाचीच असा निकाल लागला.

विचारणाऱ्याने शेवटी म्हटलंय की मग चर्चा करायची की कोर्टात जायचं, एक काहीतरी सांगा. एक सांगता येत नाही. इक्वाडोरने दोन्ही केलं. ओएएसची सद्भावना मध्यस्थी चालू असताना, ३१ मार्च २००८ ला, म्हणजे हल्ल्यानंतर महिन्याभरात, त्यांनी हेगला कोलंबियाविरुद्ध अर्ज टाकला, तोही हल्ल्याबद्दल नाही तर सीमेलगत कोकाच्या, म्हणजे कोकेन ज्यापासून बनतं त्या झुडपाच्या, पिकावर विमानातून फवारल्या जाणाऱ्या तणनाशकाबद्दल, जो वाद कितीतरी वर्षं आधीपासून चालू होता. हल्ल्यात मेलेल्या आपल्या नागरिकाबद्दल २००९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे वेगळी तक्रार केली, आणि सीमेपलीकडे जाऊन केलेल्या कारवाईलाही मानवाधिकाराचे नियम लागू होऊ शकतात असं धरून आयोगाने ती २०१० मध्ये दाखल करून घेतली. संबंध सुधारल्यावर ही दोन्ही प्रकरणं २०१३ मध्ये बंद झाली. तणनाशकाच्या तडजोडीत कोलंबियाने सीमेलगतच्या एका पट्ट्यात फवारणी न करण्याचं आणि इक्वाडोरला दीड कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं, आणि ते पैसे त्या सीमाभागाच्या विकासासाठी होते.